डीएनएला पडलेली गाठ आणि सिकलची कॅप्सूल

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, किंवा ऐकता ऐकता मध्येच रेंज गेली, त्यांच्यासाठी हा पूर्ण मजकूर. बोलण्यातले 'म्हणजे कसं आहे ना' काढलेत, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय एका मेसेजमुळे सुचला. लाखनी तालुक्यातला श्रोता आहे, नाव सांगत नाही. त्याच्या बहिणीला सिकल आहे आणि ती रोज हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल घेते. तो विचारतो, "दादा, आजार जीनमध्ये आहे म्हणतात. मग कॅप्सूल खाऊन जीन बदलतो का? आणि बदलत नसेल तर रोज काहून खायची?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. उत्तरासाठी थोडं लांबून यावं लागेल, कारण वाटेत डीएनएचे विचित्र आकार आहेत, त्या आकारांना चिकटणारे छोटे रेणू आहेत आणि 'औषध चिकटतं' व 'औषध चालतं' यांतला फरक आहे. मी कोड लिहिणारा माणूस, त्यामुळे उदाहरणं थोडी तिकडची येतील. चालवून घ्या.

[०१:१०] एक अक्षर आणि एक बटण

आधी सिकल म्हणजे काय ते बघू. हिमोग्लोबिनमध्ये बीटा नावाची साखळी असते. तिच्या जीनमध्ये सहाव्या जागी जीएजी हा तीन अक्षरी शब्द असायला हवा, तिथे जीटीजी येतो. सुमारे ३०० कोटी अक्षरांच्या फाइलमध्ये हे एकच अक्षर बदललेलं. पण त्यामुळे ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या बनवतात आणि गोल लाल पेशी विळ्यासारखी वाकते. धान कापणाऱ्या जिल्ह्यात विळ्याचा आकार काय सांगायचा! अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं असह्य दुखतात, पेशी लवकर फुटतात, रक्त कमी होतं.

आपल्या भागात हे नवीन नाही. १९५८ सालीच नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलची नोंद केली होती.

आता गंमत ऐका. सिकल असलेलं बाळ जन्मानंतर पहिले काही महिने बहुधा ठणठणीत असतं. कारण आईच्या पोटात बाळ वेगळं हिमोग्लोबिन वापरतं. त्याला गर्भ-हिमोग्लोबिन म्हणू. ते गॅमा नावाच्या जीनपासून बनतं आणि त्या जीनमध्ये काहीच बिघाड नसतो. जन्मानंतर सहा महिने ते वर्षभरात गॅमा जीन हळूहळू बंद होतो, बीटा चालू होतो आणि मग त्रास दिसायला लागतो.

गॅमा जीन कुठे जात नाही बरं का. तो प्रत्येक पेशीत तसाच पडून असतो, त्याचं बटण तेवढं बंद असतं. जगात काही लोकांत हे बटण जन्मतःच नीट बंद होत नाही. अशा माणसाला सिकलचा जीन मिळाला तरी त्रास खूपच कमी होतो, कारण गर्भ-हिमोग्लोबिन त्या दोऱ्या बनू देत नाही. आपल्या देशात सिकल जीनसोबत जो आनुवंशिक पट्टा बहुतेक वेळा येतो, त्याला अरब-भारतीय हॅप्लोटाइप म्हणतात. त्यात गॅमा थोडा जास्त चालू राहतो. तरीही विदर्भात तीव्र त्रास असलेले रुग्ण आहेतच.

म्हणजे चुकलेलं अक्षर तसंच ठेवून शेजारचं बटण दाबलं तरी माणसाचं आयुष्य बदलतं. जीन चालू, बंद, कमी, जास्त करण्याच्या या कामाला जीनचं नियमन म्हणतात.

[०३:४०] बटण असतं कुठे?

प्रत्येक जीनच्या आधी डीएनएचा एक तुकडा असतो, प्रोमोटर. जीन वाचणारं यंत्र तिथे येऊन बसतं. कुठली प्रोटीन तिथे बसली यावर जीन चालणार की नाही ते ठरतं. शाळेत आपण इथपर्यंत शिकतो. शाळेत आणखी एक चित्र असतं: डीएनए म्हणजे दोन पदरी पीळ दिलेली दोरी, कायम तशीच.

पण दोरी वापरली की काय होतं? जीन वाचायचा तर पीळ उलगडावा लागतो, दोन पदर वेगळे करावे लागतात. आणि सुटा झालेला पदर गप्प बसत नाही. तो स्वतःवरच वळतो आणि गाठ मारतो.

सगळ्यात जास्त अभ्यास झालेली गाठ म्हणजे जी-क्वाड्रुप्लेक्स. आपण तिला जी-फोर म्हणू. डीएनएच्या चार अक्षरांपैकी जी म्हणजे ग्वानिन. चार ग्वानिन एकमेकांचे हात धरून चौकोन करतात. चौघांची फुगडी समजा. असे दोन-तीन चौकोन एकावर एक बसतात, पितळी थाळ्या रचाव्यात तसे. मधल्या पोकळीत पोटॅशियमचा आयन बरोब्बर मावतो आणि खुंटी ठोकल्यासारखी ती रास घट्ट धरतो. आपल्या पेशीत पोटॅशियम भरपूर असतं, म्हणून ही गाठ तिथे टिकते.

चार ग्वानिनचा हा चौकोन १९६२ मध्ये गेलर्ट, लिपसेट आणि डेव्हिस यांनी दाखवला. पण परीक्षानळीत दिसलेली गोष्ट जिवंत पेशीत असते का, यावर पुढे अनेक वर्षं वाद चालला. २०१३ मध्ये केंब्रिजच्या शंकर बालसुब्रमण्यन यांच्या गटाने जी-फोरलाच चिकटणारी अँटिबॉडी वापरून माणसाच्या पेशींत या गाठी चमकताना दाखवल्या. हे बालसुब्रमण्यन मूळचे चेन्नईचे. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या डीएनए वाचण्याच्या एका तंत्राचे ते सहसंशोधकही आहेत.

[०५:५०] रेजेक्सने गाठी शोधल्या

हा भाग कोडवाल्यांसाठी, पण बाकीच्यांनीही ऐका, पुढे लागणार आहे. २००५ मध्ये केंब्रिज आणि लंडनच्या दोन गटांनी माणसाच्या अख्ख्या जीनोमवर एक सर्च चालवला. नमुना असा: तीन किंवा जास्त जी, मग एक ते सात कुठलीही अक्षरं, परत तीन किंवा जास्त जी... असे जी-चे गट चार वेळा. साधा रेजेक्स! सापडल्या सुमारे पावणेचार लाख जागा.

२०१५ मध्ये बालसुब्रमण्यन यांच्या गटाने मानवी डीएनए पेशीबाहेर काढून, गाठी टिकतील अशा परिस्थितीत तो वाचून बघितला. वाचणारं यंत्र जिथे अडखळलं तिथे गाठ. सात लाखांहून जास्त जागा निघाल्या. आकडा वाढला, कारण खऱ्या गाठी आपला रेजेक्स पाळत नाहीत. काहींचे फासे लांब असतात, काहींना मध्येच फुगवटा असतो.

मग २०१६ मध्ये त्याच गटाने पेशीच्या आत, डीएनए जसा प्रोटीनवर गुंडाळलेला असतो त्या अवस्थेत मोजणी केली. आणि आकडा धाडकन खाली. सुमारे दहा हजार!

सात लाखांवरून दहा हजार. कारण बहुतेक डीएनए हिस्टोन नावाच्या प्रोटीनवर घट्ट गुंडाळलेला असतो, त्याला वळायला जागाच नसते. शिवाय पेशीत हेलिकेज नावाची प्रोटीन असतात, ती पडलेल्या गाठी सोडवत राहतात. आणि ज्या दहा हजार उरल्या त्यातल्या पुष्कळशा प्रोमोटरमध्ये होत्या, तेही चालू असलेल्या जीनच्या.

[०७:३०] गाठीवर बसणारा रेणू

आता छोटे रेणू. जी-फोरची वरची बाजू सपाट असते. तेवढाच सपाट, कडांना धन भार असलेला रेणू आणला तर तो थाळीवर झाकण बसावं तसा बसतो. गाठ आणखी पक्की होते, लवकर सुटत नाही.

२००२ मध्ये अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठात लॉरेन्स हर्ली यांच्या गटाने यावर गाजलेला प्रयोग केला. सी-मिक नावाचा जीन आहे, पेशीला 'वाढ, वाढ' सांगणारा. अनेक कॅन्सरमध्ये तो बेलगाम चालतो. त्याच्या प्रोमोटरमध्ये जी-फोर बनू शकते. संशोधकांनी त्या जागी एकच अक्षर बदलून गाठ ढिली केली, तर प्रोमोटरचं काम तिपटीने वाढलं. उलट टीएमपायपी४ नावाचा सपाट रेणू टाकून गाठ पक्की केली, तर सी-मिक कमी झाला. हा रेणू पॉर्फिरिन कुळातला. हिमोग्लोबिनमध्ये लोह धरून ठेवणारा हीमसुद्धा त्याच कुळातला.

हे वाचून वाटतं की गाठ पडली की जीन बंद, सुटली की चालू. पण आत्ताच ऐकलं ना, पेशीतल्या गाठी चालू जीनवर सापडल्या? मग?

गाठ तीन वेगवेगळ्या कामांना येते. पहिलं, ती वाट अडवते. दोन पदरी डीएनएवर बसणाऱ्या प्रोटीनला जागा मिळत नाही, वाचणारं यंत्रही अडखळू शकतं. दुसरं, ती स्वतःच बसायची जागा होते. सी-मिकच्याच गाठीला न्यूक्लिओलिन हे प्रोटीन चिकटतं आणि जीन दाबतं. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेतल्या शंतनू चौधुरी यांच्या गटाने याच गाठीवर काम करणारं आणखी एक प्रोटीन दाखवलं आहे. तिसरं, गाठ असली की हिस्टोनला डीएनए नीट गुंडाळता येत नाही, त्यामुळे तो भाग उघडा राहतो आणि जीन चालू राहायला मदत होते.

म्हणून तोच रेणू एका जीनला खाली ओढतो आणि दुसऱ्याला वर ढकलू शकतो. गाठ कुठे आहे आणि शेजारी कोण बसलंय यावर ते ठरतं.

[०९:४०] गॅमा जीनपाशीही अशीच एक गाठ

परत सिकलकडे येऊ. १९९२ मध्ये 'जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री'त एक शोधनिबंध आला. गॅमा जीनच्या सुरुवातीपासून साधारण २०० अक्षरं मागे, प्रोमोटरमध्ये, डीएनए तीन पदरी होऊ शकतो असं त्यात दाखवलं होतं. दोन पदरांच्या खोबणीत तिसरा पदर येऊन बसतो. याला ट्रिप्लेक्स म्हणतात. आणि ज्या लोकांत गॅमाचं बटण मोठेपणीही चालू राहतं, त्यांच्यात सापडणारे काही बदल नेमके याच जागी असतात आणि ते हा तिपदरी आकार मोडतात.

किती सरळ गोष्ट वाटते! आकार असला तर जीन बंद, मोडला तर चालू. म्हणजे हा आकार मोडणारा रेणू शोधला की काम झालं.

पण २०१८ मध्ये दुसरी बाजू पक्की झाली. त्याच २०० अक्षरं मागच्या जागेवर झेडबीटीबी७ए नावाचं प्रोटीन बसतं, तर ११५ अक्षरं मागच्या जागेवर बीसीएल११ए. दोघंही गॅमा जीन बंद ठेवणारे पहारेकरी. बटण चालू ठेवणारे बदल या प्रोटीनची बसायची जागाच खराब करतात. आज मुख्य कारण हेच मानलं जातं. एकच अक्षर बदललं की आकारही बिघडतो आणि प्रोटीनची जागाही. दोन्ही एकाच वेळी बदलत असतील तर बटण कशामुळे चालू झालं हे वेगळं करणं किती अवघड, ते डिबगिंग केलेल्या माणसाला बरोबर कळेल.

बीसीएल११ए या पहारेकऱ्यालाच हात घालणारी कॅसजेव्ही ही उपचारपद्धतही आली. रुग्णाच्या स्वतःच्या मूळ पेशी बाहेर काढून, बीसीएल११ए ज्याच्या जोरावर चालतो तो डीएनएचा तुकडा क्रिस्परने कापतात आणि पेशी परत शरीरात सोडतात. पहारेकरी कमी, गॅमा चालू. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. किंमत? २२ लाख डॉलर. साकोली-लाखांदूरच्या घराला हा आकडा सांगून काय उपयोग! म्हणून तर तोंडाने घ्यायचा, स्वस्त, छोटा रेणू इतका महत्त्वाचा.

[११:४०] मग आकार पकडणारी गोळी अजून काहून नाही?

कारण पत्ता. आकार ओळखणाऱ्या रेणूला जीनचं नाव वाचता येत नाही. त्याला दिसते फक्त थाळी, आणि थाळ्या तर पेशीत हजारो आहेत. टीएमपायपी४ तर साध्या दोन पदरी डीएनएलाही चिकटतो. सी-मिकसाठी सोडलेला रेणू आणखी कितीतरी ठिकाणी जाऊन बसणार.

दुसरी अडचण, पक्की केलेली गाठ डीएनएची कॉपी बनतानाही आडवी येते. कॉपी करणारं यंत्र तिथे अडतं आणि डीएनए तुटू शकतो.

कॅन्सरमध्ये हाच दोष कामाला येतो. ज्या गाठीतल्या पेशींमध्ये (इथे गाठ म्हणजे कॅन्सरची गाठ हो!) बीआरसीए जीन बिघडलेले असतात, त्यांना तुटलेला डीएनए नीट जोडता येत नाही. सीएक्स-५४६१ हा रेणू अशा पेशींना जास्त मारतो असं २०१७ मध्ये दिसलं आणि त्याच्या माणसांवर चाचण्या झाल्या. त्यात काही रुग्णांच्या त्वचेला आणि डोळ्यांना उन्हाचा त्रास होऊ लागला. शिवाय नंतरच्या अभ्यासांत आढळलं की त्याचा बराचसा परिणाम जी-फोरमुळे नसून टोपोआयसोमरेज या पीळ सोडवणाऱ्या प्रोटीनला अडवल्यामुळे होतो.

कॅन्सरच्या पेशीला मारायचंच असतं. सिकलच्या मुलीला तर औषध वर्षानुवर्षं घेऊन जगायचं असतं. तिच्या पेशींचा डीएनए जागोजागी तोडणारा रेणू कितीही घट्ट चिकटला तरी तिच्या काय कामाचा? रेणू चिकटतो का, हा प्रश्न सोपा आहे. तो आणखी कुठे कुठे चिकटतो, तिथे सगळं अडलं आहे.

त्यावर काम आपल्याच राज्यात चालू आहे. पवईच्या आयआयटी मुंबईत पी. आय. प्रदीपकुमार यांचा गट ठरावीक जी-फोर ओळखणारे रेणू बनवतो. पुण्याच्या आयसरमध्ये एस. जी. श्रीवत्सन यांचा गट डीएनएच्या अक्षरांनाच चमकणारी खूण लावतो, म्हणजे कुठला आकार बनला आणि रेणू त्याला चिकटला का हे दिसतं. कोलकात्याच्या ज्योतिर्मयी दाश यांना २०२० चा भटनागर पुरस्कार मिळाला, त्यांच्या कामातही जी-फोरला धरणारे रेणू मोठा भाग आहेत.

आणि हो, एक सावधगिरी. दारुहळदीतला पिवळा बर्बेरिन हा रेणूसुद्धा सपाट आहे आणि परीक्षानळीत जी-फोरला चिकटतो. हे खरं आहे. पण त्यावरून कुणी 'दारुहळदीने कॅन्सर बरा', 'सिकल मुळापासून गायब' असं फॉरवर्ड केलं, तर आठवा: सात लाख आणि दहा हजार. परीक्षानळीत चिकटणं आणि माणसात उपयोगी पडणं यांच्यात एवढी मोठी दरी असते.

[१३:५०] मग ती कॅप्सूल काय करते?

आता मूळ प्रश्न. हायड्रॉक्सीयुरिया हाही छोटा रेणू, पण तो डीएनएला चिकटत नाही. जीन बदलत नाही, चुकलेलं अक्षर तसंच राहतं. तो रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज नावाच्या एन्झाइमला अडवतो. हे एन्झाइम डीएनएची अक्षरं बनवायला कच्चा माल पुरवतं. पुरवठा कमी झाला की अस्थिमज्जेत रक्तपेशी बनण्याचा वेग आणि पद्धत बदलते आणि नव्या लाल पेशींत गर्भ-हिमोग्लोबिन वाढतं. म्हणजे बटण दाबलं जातं, पण लांबून. पांढऱ्या पेशीही थोड्या कमी होतात, त्यानेही पेशी अडकणं घटतं. अमेरिकेत मोठ्या माणसांच्या सिकलसाठी १९९८ मध्ये त्याला मान्यता मिळाली.

आपल्याकडचा पुरावाही आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र सिकल असलेल्या ६० मुलांवर चाचणी केली आणि २०१२ मध्ये ती प्रसिद्ध केली. दर किलो वजनाला दिवसाला १० मिलिग्रॅम, एवढ्या कमी आणि ठरलेल्या डोसमध्येही गर्भ-हिमोग्लोबिन वाढलं आणि वेदनेचे झटके खूप कमी झाले. कमी डोस म्हणजे कमी खर्च, कमी त्रास. विदर्भासाठी ही मोठी गोष्ट आहे.

'रोज काहून?' याचं उत्तरही यातच आहे. परिणाम औषध चालू असेपर्यंतच. लाल पेशी सतत नव्या बनतात. औषध थांबलं की नव्या पेशी परत जुन्याच पद्धतीने बनतात. फायदा दिसायला काही महिने लागू शकतात, म्हणून 'महिनाभर घेतली, काही फरक नाही' असं म्हणून सोडू नका. पण स्वतःच्या मनाने डोस वाढवायचाही नाही. रक्तपेशी जास्त कमी होऊ शकतात, त्यामुळे डॉक्टर सांगतील तेव्हा रक्ताची तपासणी करायचीच. मूल हवं असेल किंवा दिवस गेले असतील तर लगेच डॉक्टरांना सांगायचं, मग तो पेशंट बाई असो की पुरुष.

[१५:३०] जाता जाता

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी, आणि २०४७ पर्यंत सिकल संपवायचं उद्दिष्ट. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण याच वयात बसता. पहिली तपासणी बोटातल्या एका थेंबाची असते, तिला सोल्युबिलिटी टेस्ट म्हणतात. ती पॉझिटिव्ह आली तरी घाबरायचं नाही. तुम्ही नुसते वाहक आहात की आजार आहे, हे पुढच्या तपासणीतच कळतं.

वाहक म्हणजे आजारी नव्हे. पण नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पत्रिका बघायला आपण चार घरं हिंडतो, त्याआधी हा एक रिपोर्ट बघा. आणि हे कुणा एका समाजाला चिकटवू नका. आपल्याकडे आदिवासींमध्ये, अनुसूचित जातींमध्ये आणि अनेक ओबीसी समाजांतही सिकल आहे. रिपोर्ट लपवल्याने कुणाची इज्जत वाचत नाही, पुढच्या बाळाचं दुखणं तेवढं वाढतं.

आकार ओळखून, नेमक्या पत्त्यावर जाणारा रेणू उद्या पवईत किंवा पुण्यात बनेलही. तो येईपर्यंत आपल्या हातात एक थेंब रक्ताची तपासणी आहे आणि एक जुनी, स्वस्त कॅप्सूल. दोन्हीबद्दल जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या वेळी घेऊ. भेटू मग!